लाल पदराची जागा

घाटावर मास्तरांचा कुंचला माझ्या चित्रापासून वीतभर अंतरावर थांबला होता. कुंचल्याच्या टोकाशी लाल रंगाचा थेंब जड होत चालला होता. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते, मास्तरांकडेही नव्हते. त्या थेंबाकडे होते. नदीच्या पलीकडच्या काठावर कुणीतरी धुणं आपटत होतं. एरवी तो आवाज आमच्या कानांवरून नुसता वाहून जाई. त्या सकाळी प्रत्येक आपटणं सुटं, स्वतंत्र ऐकू आलं.

थेंब अखेर पडला. चित्रावर नव्हे, पायरीच्या दगडावर.

"काय म्हणालीस?" मास्तरांनी विचारलं.

"नको, मास्तर," मी पुन्हा म्हणाले. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ते तोंडातून निसटलं होतं. आता ते जाणूनबुजून म्हणावं लागलं. "माझ्या चित्रात बाई नको."

वाईत त्या काळी चित्रकलेचा एकच वर्ग होता आणि तो वेल्हाळ मास्तरांचा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी शाळेतली मुलं तिथे येत, आणि परीक्षा संपून वर्षं लोटली तरी ज्यांचा पाय तिथून निघत नसे अशी मोठी माणसंही येत. दर रविवारी सकाळी आम्ही बोर्ड, पाण्याचे डबे आणि बसायला पोत्याचे तुकडे घेऊन घाटावर पांगायचो. उन्हं वर आली की आपापली चित्रं पायऱ्यांना टेकवून ओळीनं मांडायची. मग मास्तर उठायचे. हातात बारीक कुंचला, त्याला क्रिमसन लाल. एकेका चित्रासमोर उकिडवे बसून ते त्यातल्या घाटावर, खालच्या बाजूला जरा उजवीकडे, एक पाठमोरी बाई काढायचे. लाल पदर, कमरेवर कळशी, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. दोन फटकारे आणि एक ठिपका. त्याला आम्ही 'बाई बसवणं' म्हणत असू. मास्तरांनी बाई बसवली की चित्र पुरं झालं. तिच्याविना चित्र अपुरं, आणि अपुरं चित्र भिंतीवर लागत नसे.

हे सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं की चित्र काढताना त्या जागेवर आम्ही आपोआप हात आखडता घ्यायचो. तिथला दगड कुणी गडद करत नसे. पाहुण्यासाठी पाट मांडून ठेवावा, तशी ती जागा आम्ही राखून ठेवत असू.

त्या रविवारी मी ती राखली नव्हती. पहाटेच्या धुक्यानं ओलावलेल्या पायऱ्या मी वरपासून खालपर्यंत सलग रंगवल्या होत्या, करड्या-निळ्या, कुठेही न थांबता. मास्तरांना ते बसता क्षणी दिसलं असणार.

"का नको?"

"तिथं कुणी नव्हतं."

"नव्हतं म्हणजे? ते काय, धुणं आपटतायत की!"

"ते पलीकडं, मास्तर. माझ्या चित्रात पलीकडचा काठ नाही."

कुणीतरी हसू दाबलं. निकम मात्र हसला नाही. प्रभाकर निकम आमच्यातला सर्वांत जुना विद्यार्थी. हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होता आणि वेल्हाळ मास्तरांनंतर हा वर्ग आपल्याकडे येणार हे त्यानं मनोमन ठरवून टाकलं होतं. तो म्हणाला, "मुंबईला जायच्या आधीच मुंबईचं वारं लागलं बाईसाहेबांना. मास्तर, तुम्ही बसवा. ती काय बोलतीय, लहान आहे."

"मला लहान म्हणू नका, निकमसर."

"ऐकलंत?"

"मास्तर," मागून आमच्यातल्याच उस्मानभाईंचा आवाज आला, "आज बाईच रुसली असंल. रोज रोज एवढ्या थंडीत पाणी भरायला यायचं म्हंजे काय चेष्टा आहे?"

आता सगळेच हसले आणि त्या हसण्यानं घाटावरची हवा जराशी सैल झाली. मास्तर हसले नाहीत. ते माझ्या चित्राकडे पाहत राहिले. त्यांच्या कपाळावरची शीर नेहमीसारखी उठली नव्हती, आणि मला त्याचीच भीती अधिक वाटली. ते रागावले असते तर मला ठाऊक होतं काय करायचं. मान खाली घालायची आणि रडू गिळायचं. हे पाहणं मला अनोळखी होतं.

"माणसाशिवाय दगडाला माप येत नाही," ते शेवटी म्हणाले. पण ते वाक्य पाठ केलेल्या धड्यासारखं आलं. वर्षानुवर्षं ते तेच सांगत आले होते. "क्लिपा काढ. चित्र दे इकडं."

"मास्तर—"

"दे म्हणतो ना."

मी क्लिपा काढल्या. त्यांनी अजून दमट असलेला कागद दोन्ही तळव्यांवर, आजारी मूल उचलावं तसा, उचलला आणि स्वतःच्या पोर्टफोलिओत ठेवला. मग ते शेजारच्या, निकमच्या चित्राकडे सरकले. त्या दिवशी मास्तरांनी बसवलेल्या सगळ्या बाया घाईत होत्या. एकीची कळशी तर कमरेपासून सुटूनच चालली होती.

*

माझ्यापुढे काय वाढून ठेवलं होतं ते सांगायला हवं.

पुढच्या रविवारी वर्गाचं वार्षिक प्रदर्शन होतं, घाटालगतच्या धर्मशाळेच्या दालनात. त्या वर्षी मुंबईच्या कला महाविद्यालयातले एक प्राध्यापक पाहुणे म्हणून येणार होते. आमचं हळदीचं दुकान. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गल्ल्यावर बसल्या बसल्या निकाल देऊन टाकला होता: "पाहुणे म्हणाले की पोरीत काही आहे, तर मुंबई. नाहीतर जूनमध्ये साताऱ्याला डी. एड." त्यात क्रूरपणा नव्हता. आप्पांना हळद हातावर चोळून पारखता येई, चित्र येत नव्हतं. म्हणून त्यांनी ते पारखणाऱ्यावर सोपवलं. आणि पाहुण्यांना दिसणार होतं तेवढंच, जे भिंतीवर लागेल.

मग मी 'नको' का म्हणाले? एक लाल पदर, दोन फटकारे. गप्प बसले असते तर चित्र लागलं असतं.

पावसाळ्यानंतर साताऱ्यात जिल्ह्यातल्या चित्रवर्गांचं एकत्र प्रदर्शन झालं होतं. आमच्या वर्गाला एक सबंध भिंत मिळाली होती. मी तिथं पोहोचले तेव्हा कऱ्हाडकडची दोन मुलं त्या भिंतीसमोर उभी होती. एक दुसऱ्याला म्हणाला, "ही वाईची बाई. दरसाली येते. अजून घरी पोचली नाही का रे हिची कळशी?" दोघं हसत पुढे गेले. मला राग आला. त्यांना ऐकवावं म्हणून मी माझ्या चित्राकडे बोट करायला वळले, आणि बोट तसंच राहिलं. सगळ्या चित्रांत तोच घाट, डावीकडून येणारं तेच ऊन, तीच पाठमोरी बाई. त्या भिंतीवर माझं चित्र मला ओळखता आलं नाही. खालची सही वाचण्यासाठी मला वाकावं लागलं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रविवारी घाटावरून परतताना उस्मानभाईंना सांगितलं. उस्मान मुल्ला दुकानांच्या पाट्या रंगवत. वर्गातले माझे सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत कमी मोठेपणा करणारे सोबती. ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते.

"पोचत नाही बघ ती," ते म्हणाले. "मी तिला पिठाच्या गिरणीच्या पाटीवर बसवलीय. गिरणीवाला विचारतो, ही कोण? म्हटलं, गिऱ्हाईक."

"उस्मानभाई, मी चेष्टा करत नाहीये."

"मी तरी कुठं करतोय? हात जातो गं आपोआप. रिकामी जागा दिसली की बाई." ते थोडं चालले. सायकलची साखळी करकरत होती. "मास्तरांना कुणी नको म्हटलेलं मी आजपातुर ऐकलं नव्हतं. मीपण कधी म्हटलं नाही. भीती वाटली म्हणून नाही, इंदूताई. सुचलंच नाही."

"आता ते चित्र लावणार नाहीत."

"नाही लावणार."

"किंवा बाई बसवून लावतील."

उस्मानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना थाप मारता येत नसे. "ते जास्त वाईट, नाही का?" ते म्हणाले.

*

आठवड्याच्या मध्यावर मी वर्गात गेले. मास्तर आले नव्हते. निकम लहान मुलांना वस्तुचित्रण शिकवत होता. स्टुलावर पितळी तांब्या, शेजारी दोन वांगी. दारासमोरच्या भिंतीवर एक रिकामा खिळा होता, त्याभोवती चुना जरा उजळ.

तो खिळा रिकामा असणं ही आमच्या वर्गात साधी गोष्ट नव्हती. तिथं मास्तरांचं 'पहाटेचा घाट' असायचं. मास्तर मुंबईला शिकत असताना, सुट्टीत गावी येऊन काढलेलं आणि मुंबईत बक्षीस मिळवलेलं ते चित्र. वर्गात आलेल्या प्रत्येकाचं पहिलं वर्ष त्याची नक्कल करण्यात जाई. आमच्या सगळ्यांच्या घाटांचा तो मूळ घाट, आणि त्यावरची बाई ही आमच्या सगळ्यांच्या बायांची मूळ बाई. नव्या मुलाला ते चित्र दाखवताना मास्तर बोट तिच्याजवळ नेत, पण कागदाला लावत नसत. "ही माझ्या गुरूंच्या हातची," ते सांगत. "चित्र माझं. शेवटचा हात त्यांचा. हिच्यामुळं चित्र उभं राहिलं, असं सगळे म्हणाले." ते अभिमानानं सांगत. निदान आम्हांला तो अभिमान वाटे. प्रदर्शनाच्या वेळी शेवटच्या भिंतीवर ते एकच चित्र लागे, त्याच्या शेजारी दुसरं काही नाही.

"मास्तरांनी घरी नेलंय," निकम माझी नजर पाहून म्हणाला. "काच पुसायला असेल. आणि तुझंही तिकडंच आहे, म्हणून इथं शोधू नकोस."

"माझं कशाला नेलं?"

"कशाला म्हणजे? पाहुण्यांपुढे वर्गाची शोभा व्हायला नको." मग त्याचा आवाज उतरला. निकम दुष्ट नव्हता. त्याला हा वर्ग जसाच्या तसा हवा होता, एवढंच. "इंदू, ऐक माझं. मास्तरांनी बसवली तर बसवू दे. आम्ही काय मेलो का? तुझं काम होऊन जाईल, मुंबई मिळेल. मग तिकडं काढ की रिकामे घाट, कोण अडवतंय?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. तेच मला सहन होईना. वांग्यावर चमक दाखवायला एक मुलगा पांढरा रंग घेऊ लागला, तेव्हा निकमनं त्याचा हात धरला. "पांढरा लावायचा नाही. कागद राखायचा," तो म्हणाला. शब्द मास्तरांचे, सूरही मास्तरांचा, आणि 'राखायचा' म्हणताना मान जराशी डावीकडे झुकली तीही मास्तरांचीच. मी बाहेर पडले.

मास्तरांचं घर ब्राह्मणशाही आळीच्या टोकाला. पुढचं दार बंद होतं. मी बोळातून परसदारी गेले. कलत्या दुपारचं ऊन न्हाणीच्या भिंतीवर होतं, आणि खाली पाटावर मास्तर पाठमोरे बसले होते. समोर बोर्ड, हातात स्पंज. बाजूला जर्मनचं पातेलं. पातेल्यातलं पाणी गुलाबी होतं.

फिकं नव्हे, चांगलंच गुलाबी. कुंचला पुन्हा पुन्हा बुडवून, निथळून, पुन्हा लाल घेऊन काहीतरी मन लावून रंगवल्यावर होतं तसं.

माझी चाहूल लागताच त्यांनी खांद्यावरचा पंचा बोर्डावर टाकला.

"काय आहे?"

"माझं चित्र, मास्तर. ते—"

"रविवारी बघ."

"त्यात तुम्ही..." मी पातेल्याकडे पाहत होते. त्यांनीही पाहिलं. त्यांच्या उजव्या हाताच्या नखांत लाल उतरला होता.

"क्रिमसनबद्दल मी काय शिकवलंय?" त्यांनी अचानक विचारलं, परीक्षा घेतल्यासारखं.

"जपून लावायचा."

"का?"

"निळा धुतला तर निघतो. क्रिमसन कागदात उतरतो. पुरता निघत नाही."

"हं." ते पंच्याखालच्या बोर्डाकडे वळले. "घरी जा. उन्हात उभी राहू नकोस."

मी घरी आले. आता सगळं स्पष्ट होतं. आपण बसवलेली बाई पुन्हा पुसता येणार नाही, हेच मास्तरांनी मला सुनावलं होतं. तेही माझ्याच तोंडून वदवून घेऊन. मला रडू आलं नाही. आत काहीतरी सपाट झालं होतं, वरून पाण्याचा भरलेला हात फिरवावा आणि सगळ्या रेषा एकमेकींत मिसळून जाव्यात तसं. मी आईला सांगितलं की मी प्रदर्शनाला जाणार नाही. आईनं आप्पांना सांगितलं. आप्पा आतून ओरडले, "जाणार नाही म्हणजे? मी टोपी धुवून आणलीये!"

*

दालन भरलं होतं. आप्पा धुतलेली टोपी घालून, हात पाठीशी बांधून, देवळात फिरावं तसे भिंतीभिंतीनं फिरत होते. मी दाराशीच थांबले. आत पाऊल टाकलं तर नजर आपोआप शेवटच्या भिंतीकडे जाईल, म्हणून मी मुद्दाम पहिल्या भिंतीकडे पाहत राहिले. लाल पदर, लाल पदर, लाल पदर. उस्मानभाईंच्या चित्रातली जरा ठेंगणी, निकमच्या चित्रातली कळशी सुटलेली.

"इंदूताई," उस्मानभाई जवळ येऊन म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "आत ये."

"बसवली ना?"

"आत ये म्हणतो ना."

शेवटच्या भिंतीपाशी लोक दाटले होते, आणि निकमचा आवाज चढला होता. "पण हे झालं कसं, मास्तर? केलं कुणी?"

"पाणी पडलं," मास्तर म्हणाले. त्यांनी परीटघडीचा सदरा घातला होता आणि ते सुपारी कातरत होते.

"पाणी? नेमकं बाईवर?"

"नेमकं."

मी लोकांमधून वाट काढली. भिंतीवर दोन चित्रं होती. एक मास्तरांचं 'पहाटेचा घाट'. त्याच्या खालच्या बाजूला, जरा उजवीकडे, बाई नव्हती. तिथं ओल्या स्पंजानं हळूहळू, कागदाचा तंतू न तंतू सांभाळत रंग उचलल्याची खूण होती, आणि त्या जागी दगडावर फिकट गुलाबी डाग उरला होता. लग्नघरातला कुंकवाचा हात भिंतीवर उमटून पुढे पुसला जावा तसा. क्रिमसन पुरता निघत नाही. पण ती गेली होती. आणि तिच्याविना तो घाट मी पहिल्यांदाच पाहत होते: वरून उतरणारं ऊन कुणापाशीही न अडखळता थेट पाण्यापर्यंत जात होतं. वर्षभर मी त्या चित्राची नक्कल केली होती, आणि त्यात एवढी मोठी पहाट आहे हे मला कळलं नव्हतं.

शेजारी, इतकी वर्षं मोकळ्या ठेवलेल्या जागेत, माझं चित्र. ओल्या, करड्या-निळ्या पायऱ्या वरपासून खालपर्यंत सलग. त्याला कुणीही हात लावलेला नव्हता.

उस्मानभाई माझ्या कोपराला हात लावून पुटपुटले, "गिऱ्हाईक गेलं एकदाचं." मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, आणि ते भरू दिले.

पाहुणे आले ते चहा आटोपूनच. उंच, वाकलेले, चष्मा कपाळावर. पहिल्या भिंतीवरून ते भराभर सरकले, दुसरीवरून त्याहून भराभर. शेवटच्या भिंतीपाशी मात्र त्यांनी चष्मा खाली घेतला. त्यांनी मास्तरांचं चित्र पाहिलं, डाग पाहिला, डागाच्या अगदी जवळ वाकले. मास्तर सुपारी कातरायचे थांबले. पाहुण्यांनी त्याबद्दल काहीच विचारलं नाही. मग ते माझ्या चित्राकडे वळले.

"हे कुणाचं?"

"हिचं," मास्तर म्हणाले. "इंदुमती पिसाळ."

"घाट अगदी मोकळा ठेवलास?"

"तिथं कुणी नव्हतं," मी म्हणाले. त्याशिवाय दुसरं काही बोलायची माझी तयारी नव्हती.

ते पुन्हा पाहू लागले. आप्पा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांच्या कपड्यांना येणाऱ्या हळदीच्या वासावरून मला ते कळलं.

"ह्या खालच्या पायऱ्या फसल्यायत," पाहुणे म्हणाले. "पाणी जास्त झालं."

"हो."

"पण कुणाच्या सांगण्यावरून फसलेल्या नाहीत." ते मास्तरांकडे वळले. "जूनमध्ये पाठवा हिला."

"मला काय विचारता?" मास्तर म्हणाले. "हिचे वडील आहेत इथं."

आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पाठवतो," ते म्हणाले. मग जरा थांबून, व्यवहार पक्का करावा तसं त्यांनी पाहुण्यांना विचारलं, "म्हणजे पोरीत आहे काहीतरी?"

"आहे," पाहुणे म्हणाले.

निकम तिथंच उभा होता. त्याचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. तो त्या गुलाबी डागाकडे पाहत होता, आणि घरातलं कुणी गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. मला त्याच्याशी बोलावंसं वाटलं, पण काय ते सुचेना. उस्मानभाईच त्याच्याजवळ गेले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल, निकमा, चहा घेऊ. तुझी तरी आहे ना अजून भिंतीवर, कळशीसकट."

*

संध्याकाळकडे दालन रिकामं झालं. पाहुणे एस. टी. स्टँडकडे गेले, आप्पा दुकान उघडायला. उन्हं तिरपी होऊन दारातून आत आली होती. मास्तरांनी 'पहाटेचा घाट' खिळ्यावरून उतरवलं आणि जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळायला घेतलं. मी दुसरं टोक धरलं.

इतक्या जवळून मला त्या डागाखालचा कागद दिसला. लाल उचलताना खालच्या मूळ रंगाचा एक थर उघडा पडला होता. तिथं पायऱ्या सलग होत्या. मास्तरांनी विशीत तो दगड खालपर्यंत रंगवला होता, न थांबता. कुणासाठीही जागा राखून ठेवलेली नव्हती. बाई त्यावर नंतर आली होती, वरून.

मी धोतराचं टोक हातात धरून तशीच उभी राहिले.

"मास्तर," मी म्हणाले, "त्या सकाळीही तिथं कुणी नव्हतं ना?"

त्यांनी माझ्या हातातून टोक घेतलं. गाठ मारली. चित्र काखेत घेतलं आणि कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या. दारात ते क्षणभर थबकले. त्यांनी डोळ्यांवर हाताची सावली धरून नदीकडे पाहिलं. मग ते घाट उतरू लागले.

घराची वाट तिकडून नव्हती. मी दारात उभी राहून त्यांना जाताना पाहत राहिले. पांढरा सदरा, पाठमोरा, प्रत्येक पायरीगणिक लहान होत जाणारा. खालच्या बाजूला, जरा उजवीकडे, ती जागा आली. तिथं ते थांबतील असं मला का वाटलं कोण जाणे. ते थांबले नाहीत. काखेतलं चित्र जरा वर सरकवून घेत ते पाण्याच्या कडेनं तसेच चालत गेले आणि बुरुजाच्या वळणावर दिसेनासे झाले.